विंडोज न पुसता शेजारी लिनक्स टाकायचे आहे, पण सी ड्राइव्ह कापला जात नाही

प्रश्न : माझ्याकडे विंडोज ११ असलेला लॅपटॉप आहे. ५१२ जीबीची एसएसडी, ८ जीबी रॅम. सगळी डिस्क एकाच सी ड्राइव्हमध्ये आहे आणि त्यातली २५० जीबी रिकामी दिसते. शेजारी लिनक्स मिंट टाकायचे आहे. पण डिस्क मॅनेजमेंटमध्ये ‘श्रिंक व्हॉल्यूम’ केले की जेमतेम १८ जीबी कापता येतील असे दाखवते. बाकीची जागा का मिळत नाही? एक मित्र म्हणतो, इन्स्टॉलरलाच कापू दे. दुसरा म्हणतो, रूट, होम, बूट आणि स्वॅप अशी चार पार्टिशन पाडावी लागतात आणि स्वॅप रॅमच्या दुप्पट लागतो. माझ्या प्रोजेक्टच्या सगळ्या फाइल सी ड्राइव्हमध्येच आहेत. त्या जाणार नाहीत ना?

उत्तर : फाइल जाणार नाहीत, पण त्यासाठी एक नियम शेवटपर्यंत पाळा. विंडोजचे पार्टिशन विंडोजमधूनच कापायचे आणि लिनक्सच्या इन्स्टॉलरने फक्त त्या मोकळ्या केलेल्या जागेला हात लावायचा. इन्स्टॉलरला सी ड्राइव्ह लहान करता येतो, हे तुमच्या मित्राचे म्हणणे खरे आहे. पण तो ते काम विंडोज बंद असताना बाहेरून करतो, आणि विंडोज नीट बंद झालेले नसेल किंवा ड्राइव्ह एनक्रिप्ट केलेला, म्हणजे किल्लीशिवाय न वाचता येणाऱ्या सांकेतिक रूपात, असेल तर तिथेच अडतो. शिवाय जागा आधीच मोकळी असली की इन्स्टॉलरच्या पडद्यावर काय बदलणार आणि काय नाही हे स्पष्ट दिसते. चुकीचे बटण दाबले जाण्याची शक्यता त्यामुळे बरीच कमी होते.

आता १८ जीबीचे कोडे. श्रिंक करताना विंडोज पार्टिशनच्या शेवटाकडून जागा काढते. शेवटच्या भागात साध्या फाइल असतील तर त्या उचलून सुरुवातीकडे नेते. पण काही फाइल चालू विंडोजला हलवता येत नाहीत. हायबरनेशनची फाइल, पेजफाइल (रॅम कमी पडल्यावर वापरायची फाइल), सिस्टम रिस्टोअरचे साठे, बिटलॉकर या विंडोजच्या एनक्रिप्शनची स्वतःची नोंद आणि एनटीएफएस या विंडोजच्या फाइल पद्धतीचा मास्टर फाइल टेबल, म्हणजे सगळ्या फाइलांची यादी, ही त्यातली नेहमीची नावे. यातली एखादी लहानशी फाइल ड्राइव्हच्या शेवटापासून १८ जीबी अंतरावर बसली असेल, तर तिच्या अलीकडे कितीही जागा रिकामी असो, श्रिंक तिथेच थांबते.

नेमकी कोणती फाइल आडवी आली ते विंडोज स्वतः लिहून ठेवते, पण तिथे फारसे कोणी पाहत नाही. श्रिंकची खिडकी एकदा उघडून बंद करा. मग इव्हेंट व्ह्यूअर उघडा, विंडोज लॉग्जमध्ये ॲप्लिकेशनवर जा आणि २५९ क्रमांकाची ताजी नोंद शोधा. तिचा सोर्स ‘डीफ्रॅग’ असतो. न हलवता येणाऱ्या शेवटच्या फाइलचे नाव त्या नोंदीत असते. पुढे काय बंद करायचे ते या नावावरून ठरवा. इंटरनेटवरच्या दहा उपायांपैकी नऊ तुम्हाला लागणार नाहीत.

मात्र काहीही बंद करण्याआधी बॅकअप घ्या. प्रोजेक्टचे फोल्डर, फोटो, ब्राउझरचे बुकमार्क असे जे पुन्हा मिळणार नाही ते सगळे बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा आणि कॉपी केलेल्या तीन-चार फाइल तिथून उघडून पाहा. लॅपटॉपमधल्याच दुसऱ्या पार्टिशनवर ठेवलेली प्रत बॅकअप नव्हे. पार्टिशन टेबल बिघडला तर दोन्ही एकदमच जातील. जमल्यास ३२ जीबीचा एक वेगळा पेन ड्राइव्ह घेऊन विंडोजचा रिकव्हरी ड्राइव्हही करून ठेवा. स्टार्टमध्ये ‘रिकव्हरी ड्राइव्ह’ शोधले की ते साधन सापडते.

यानंतर एनक्रिप्शन. विंडोज ११ च्या अनेक लॅपटॉपांत, अगदी होम आवृत्तीतही, ‘डिव्हाइस एनक्रिप्शन’ आधीपासून चालू असते आणि मालकाला त्याचा पत्ता नसतो. सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटी या भागात ते दिसेल. प्रो आवृत्ती असेल तर कंट्रोल पॅनेलमध्ये बिटलॉकर पाहा. चालू असेल तर पहिले काम म्हणजे ४८ अंकी रिकव्हरी की मिळवणे. तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात डिव्हाइसच्या नावाखाली ती असते. ती कागदावर लिहा किंवा फोनमध्ये ठेवा, म्हणजे लॅपटॉप उघडला नाही तरी हाताशी राहील. की मिळाल्यावर एनक्रिप्शन बंद करा आणि डीक्रिप्शन पूर्ण होऊ द्या. डिस्क जितकी भरलेली तितका वेळ लागतो. चार्जर लावून ठेवा आणि मध्येच पुढच्या पायरीवर जाऊ नका.

इन्स्टॉलेशन झाल्यावर एनक्रिप्शन पुन्हा चालू करता येते, आणि लॅपटॉप घेऊन फिरणाऱ्याने ते करावेच. तेव्हा नवी की तयार होते, तीही जपून ठेवा. एनक्रिप्शन चालू असताना विंडोज लिनक्सच्या बूट मेन्यूतून सुरू केले तर ते रिकव्हरी की मागू शकते, कारण बूट होण्याची साखळी बदललेली टीपीएम या सुरक्षेच्या चिपला कळते. अशा वेळी विंडोज थेट लॅपटॉपच्या स्वतःच्या बूट मेन्यूतून सुरू करावे.

आता फास्ट स्टार्टअप. विंडोज आणि लिनक्स एकत्र नांदवताना सर्वाधिक त्रास याच सोयीने होतो. ती चालू असताना ‘शट डाउन’ केले तरी विंडोज पूर्ण बंद होत नाही. आपल्या गाभ्याची स्थिती ते हायबरनेशन फाइलमध्ये लिहून ठेवते आणि पुढच्या वेळी तिथूनच सुरू होते. म्हणजे सी ड्राइव्ह अर्धवट उघडाच राहतो. तेवढ्यात लिनक्सने त्यात काही लिहिले, तर परत आलेल्या विंडोजला आपल्या आठवणीतला ड्राइव्ह आणि समोरचा ड्राइव्ह जुळत नाहीत आणि फाइल खराब होतात. म्हणूनच लिनक्स असा ड्राइव्ह केवळ वाचण्यापुरता उघडतो किंवा उघडायलाच नकार देतो.

हायबरनेशनच बंद केले की फास्ट स्टार्टअपही जाते आणि ती अडवणारी फाइलही जाते. टर्मिनल ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा आणि ‘पॉवरसीएफजी /एच ऑफ’ ही आज्ञा द्या. इथे ती देवनागरीत लिहिली आहे, टाइप करताना रोमन लिपीत लहान अक्षरांत लिहा. ‘पॉवर’ आणि ‘सीएफजी’ जोडून, मग जागा सोडून तिरकी रेघ आणि एच, मग पुन्हा जागा सोडून ऑफ. यानंतर कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये फास्ट स्टार्टअपची खूण दिसणार नाही, आणि तसेच व्हायला हवे.

२५९ च्या नोंदीत पेजफाइलचे नाव असेल तर सिस्टम प्रॉपर्टीजमध्ये ॲडव्हान्स्ड, परफॉर्मन्स, मग पुन्हा ॲडव्हान्स्ड आणि व्हर्च्युअल मेमरी असे जा. आपोआप सांभाळण्याची खूण काढा, ‘नो पेजिंग फाइल’ निवडून ‘सेट’ दाबा. ‘सेट’ न दाबता ‘ओके’ केले तर बदल लागू होत नाही, हे पुष्कळांचे हुकते. ८ जीबी रॅमवर पेजफाइलशिवाय ब्राउझरचे वीस टॅब उघडे ठेवू नका, तेवढे काम होईपर्यंत. सिस्टम व्हॉल्यूम इन्फर्मेशन हे फोल्डर दिसले तर सिस्टम प्रोटेक्शन बंद करा. जुने रिस्टोअर पॉइंट त्यात जातात, म्हणून बॅकअप आधी सांगितला. मग शट डाउन नव्हे, रिस्टार्ट करा. रिस्टार्टमध्ये विंडोज खरोखर पूर्ण बंद होऊन पुन्हा उघडते.

आता डिस्क मॅनेजमेंट उघडून सी ड्राइव्हवर उजवी क्लिक करा आणि पुन्हा श्रिंक करून पाहा. आकडा बहुधा शंभरच्या पुढे गेलेला असेल. नसेल तर पुन्हा २५९ ची नवी नोंद वाचा, कारण आता आडवी येणारी फाइल वेगळी असेल. ती मास्टर फाइल टेबल असेल, म्हणजे डॉलरच्या चिन्हाने सुरू होणारे एमएफटी हे नाव दिसले, तर चालू विंडोजला ती हलवता येणार नाही. सुरुवातीच्या नियमाला अपवाद करावा तो इथेच. मिंटच्या लाइव्ह पेन ड्राइव्हवरून (लिनक्स न बसवता चालवता येणारा, तो कसा करायचा ते पुढे आहे) जीपार्टेड हे पार्टिशनचे साधन उघडून सी ड्राइव्ह उजव्या टोकाकडून लहान करा. ते हा टेबलही हलवू शकते. काम झाल्यावर विंडोज सुरू करा, ते स्वतःहून डिस्क तपासू लागले तर तपासू द्या, आणि दोनदा रिस्टार्ट झाल्यावरच पुढे जा. जीपार्टेडमध्ये सी ड्राइव्हचे डावे टोक मात्र कधीही सरकवू नका. सुरुवात सरकवली की पार्टिशनमधला सगळा डेटा नव्या जागी लिहावा लागतो. त्याला तास लागू शकतात आणि मध्ये वीज गेली तर ना जुनी मांडणी राहते ना नवी.

किती कापावे? तुमची ५१२ जीबीची एसएसडी विंडोजमध्ये साधारण ४७६ जीबी दिसत असेल. कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४ च्या पटीत, एवढेच त्याचे कारण. लिनक्स मिंट किमान २० जीबी मागते आणि १०० जीबीची शिफारस करते. तुमच्याकडे २५० जीबी रिकामी असताना १२० जीबी द्या. विंडोजकडे १३० जीबी मोकळी राहते, ती त्याच्या मोठ्या अपडेटना पुरते. श्रिंकच्या चौकटीत आकडा एमबीमध्ये टाकायचा असतो, म्हणजे १२० गुणिले १०२४, १,२२,८८०. फार हात आखडू नका. पुढे लिनक्सचे पार्टिशन वाढवायचे ठरले तर मोकळी जागा त्याच्या डाव्या बाजूला तयार होते आणि तेच डावे टोक सरकवण्याचे जोखमीचे काम करावे लागते.

कापल्यावर ‘अनअलोकेटेड’ असे लिहिलेली काळी पट्टी दिसेल. ती तशीच सोडा. ‘न्यू सिंपल व्हॉल्यूम’ करून तिला ई ड्राइव्ह बनवू नका. लिनक्सला विंडोजचा ड्राइव्ह नको असतो, कोरी जागा हवी असते. डिस्कच्या त्याच ओळीत सी ड्राइव्हच्या आधी १०० किंवा २६० एमबीचे, संगणक सुरू करणाऱ्या फाइलांचे ईएफआय पार्टिशन असेल आणि शेवटी काहीशे एमबीचे रिकव्हरी पार्टिशन. ही दोन्ही निरुपयोगी वाटतात म्हणून पुसून जागा मिळवण्याचा मोह टाळा. पहिले गेले तर काहीच सुरू होणार नाही. दुसरे गेले तर विंडोज बिघडल्यावर दुरुस्तीचा पडदा येणार नाही. १६ एमबीचे आणखी एक राखीव पार्टिशन असते, ते डिस्क मॅनेजमेंटमध्ये दिसत नाही पण लिनक्सच्या यादीत दिसेल. त्यालाही हात लावू नका. श्रिंक झाल्यावर पेजफाइल आणि सिस्टम प्रोटेक्शन पुन्हा चालू करा. हायबरनेशन बंदच राहू द्या.

विंडोजमधून बाहेर पडण्याआधी आणखी एक तपासणी. स्टार्टमध्ये ‘सिस्टम इन्फर्मेशन’ उघडा आणि ‘बायोस मोड’ पाहा. तिथे यूईएफआय, म्हणजे संगणक सुरू करण्याची नवी पद्धत, असेल. विंडोज ११ असलेल्या लॅपटॉपात तेच अपेक्षित आहे. ज्या वाचकांच्या जुन्या संगणकात तिथे ‘लेगसी’ दिसते, त्यांची डिस्क बहुधा एमबीआर या जुन्या पार्टिशन पद्धतीची असते. तिच्यात प्रायमरी पार्टिशन चारच मावतात. चारही भरलेली असताना डिस्क मॅनेजमेंटमध्ये पाचवे पाडायला गेलात तर ‘डिस्क डायनॅमिक करू का’ असा प्रश्न येतो. तिथे ‘नाही’ म्हणा, कारण डायनॅमिक डिस्कवर लिनक्स टाकणे ही डोकेदुखी आहे. तीनच भरलेली असतील तर चौथे एक्स्टेंडेड करून त्यात लिनक्सची लॉजिकल पार्टिशन पाडता येतात. तुमच्या जीपीटी या नव्या पद्धतीच्या डिस्कवर हा प्रश्न नाही, तिच्यात १२८ पार्टिशनची सोय असते.

पेन ड्राइव्ह ८ जीबीचा घ्या. त्यातले सगळे पुसले जाईल. मिंटची आयएसओ फाइल (इन्स्टॉलेशनची पूर्ण प्रत) उतरवल्यावर तिचा शा-२५६ आकडा, म्हणजे फाइल तंतोतंत आहे का ते सांगणारी खूण, मिंटच्या संकेतस्थळावर दिलेल्या आकड्याशी जुळवा. अर्धवट उतरलेली फाइल अनेकदा नीट बूट होते आणि इन्स्टॉलेशन ८० टक्क्यांवर गेल्यावर बंद पडते, तेव्हा खापर डिस्कवर फुटते. ही फाइल पेन ड्राइव्हवर उतरवणाऱ्या रूफस या प्रोग्राममध्ये पार्टिशन स्कीम जीपीटी आणि टार्गेट यूईएफआय ठेवा. मग लॅपटॉप सुरू होताना बूट मेन्यूची की दाबा. कंपनीप्रमाणे ती एफ१२, एफ९ किंवा एस्केप असते. की लागू होत नसेल तर विंडोजच्या सेटिंग्जमध्ये सिस्टम, रिकव्हरी, ॲडव्हान्स्ड स्टार्टअप या वाटेने ‘यूज अ डिव्हाइस’ निवडा. यादीत पेन ड्राइव्ह दोनदा दिसला तर ज्याच्या नावाआधी यूईएफआय आहे तोच घ्या. विंडोज एका पद्धतीने आणि लिनक्स दुसऱ्या पद्धतीने बसले तर दोघांचा एक मेन्यू होत नाही आणि दर वेळी बायोसमध्ये जाऊन मोड बदलत बसावे लागते.

सिक्युअर बूट, म्हणजे स्वाक्षरी नसलेली सिस्टम सुरू होऊ न देणारी सोय, बंद करा असे जुने सल्ले सांगतात. मिंट, उबुंटू, फेडोरा आणि डेबियन या लिनक्सच्या प्रकारांकडे आता स्वाक्षरी केलेला बूट लोडर (सिस्टम सुरू करून देणारा प्रोग्राम) असतो, त्यामुळे ते चालू ठेवूनच सुरुवात करा. एनव्हीडियाचे किंवा काही वाय-फाय चिपचे बाहेरचे ड्रायव्हर टाकताना एक पासवर्ड ठरवायला सांगतात आणि रिस्टार्टनंतर निळ्या पडद्यावर तो विचारतात. त्या वेळी ‘एनरोल’ निवडून पासवर्ड द्या. घाईत ‘कंटिन्यू बूट’ दाबले तर ड्रायव्हर चालत नाही आणि का ते कळतही नाही.

मिंट लाइव्ह सुरू झाल्यावर लगेच ‘इन्स्टॉल’ दाबू नका. वाय-फाय, आवाज, टचपॅड, झाकण मिटून उघडणे हे आधी पाहा. मग मेन्यूतून जीपार्टेड उघडा, फक्त बघण्यासाठी. मघाशी विंडोजमध्ये पाहिलेलीच मांडणी दिसली पाहिजे: लहानसे ईएफआय, १६ एमबीचे राखीव, मोठे एनटीएफएस, १२० जीबी अनअलोकेटेड, शेवटी रिकव्हरी.

तिथे तुमची डिस्कच दिसली नाही, नुसता पेन ड्राइव्ह दिसला, तर घाबरू नका. इंटेलच्या काही लॅपटॉपांत डिस्कचा कंट्रोलर आरएसटी किंवा रेड (आरएआयडी) मोडमध्ये ठेवलेला असतो आणि इन्स्टॉलरला तिच्यापर्यंत पोचता येत नाही. बायोसमध्ये तो एएचसीआयवर आणावा लागतो. पण तो थेट बदललात तर विंडोज निळा पडदा दाखवून बंद पडेल, कारण सुरू होताना ते जुन्याच कंट्रोलरचा ड्रायव्हर उचलते. आधी विंडोजमध्ये ‘सिस्टम कॉन्फिगरेशन’ उघडून बूट या भागात ‘सेफ बूट’वर खूण करा. रिस्टार्ट करताना बायोसमध्ये जाऊन मोड बदला. विंडोज सेफ मोडमध्ये सुरू झाले की नवा ड्रायव्हर आपोआप बसतो. मग ती खूण काढून पुन्हा रिस्टार्ट करा. सेफ मोडमध्ये नेहमीचा पिन चालेलच असे नाही, म्हणून खात्याचा खरा पासवर्ड आठवतो का ते आधी पाहून घ्या.

आता चार पार्टिशनांबद्दल. रूट म्हणजे लिनक्सची मुख्य जागा, होम म्हणजे तुमच्या फाइलांची, बूट म्हणजे सुरू होण्याच्या फाइलांची आणि स्वॅप म्हणजे रॅम कमी पडल्यावर वापरायची. तुम्हाला एकच नवे पार्टिशन पुरेल. वेगळे बूट पार्टिशन डिस्क एनक्रिप्ट करताना किंवा खास मांडणीत लागते, इथे नाही. स्वॅप रॅमच्या दुप्पट हा नियम रॅम मेगाबाइटमध्ये मोजत त्या काळचा आहे. आज मिंट आणि उबुंटू स्वॅपसाठी वेगळे पार्टिशन मागत नाहीत, रूटमध्येच एक स्वॅप फाइल करून घेतात, आणि ती पुढे हवी तेव्हा मोठी करता येते. रॅमएवढा स्वॅप लागतो तो लिनक्स हायबरनेट करायचे असेल तर. पण दोन सिस्टम असलेल्या डिस्कवर हायबरनेट करणे म्हणजे फास्ट स्टार्टअपचाच धोका दुसऱ्या बाजूने ओढवून घेणे.

होम वेगळे ठेवण्याला अर्थ आहे. पुढे लिनक्स नव्याने टाकताना रूट फॉरमॅट करता येते आणि तुमच्या फाइल जागच्या जागी राहतात. तरी पहिल्या खेपेला १२० जीबीत ते करू नये असे आमचे मत आहे. सॉफ्टवेअर, फ्लॅटपॅक (सॉफ्टवेअरचाच एक प्रकार) आणि टाइमशिफ्ट या साधनाने घेतलेल्या सिस्टमच्या जुन्या प्रती हे सगळे रूटमध्ये साठते. रूटला ३० जीबी दिले की काही महिन्यांत ते तुडुंब भरते, होममध्ये ७० जीबी पडून असतात आणि मधली भिंत हलवायला पुन्हा पार्टिशन सरकवणे आलेच. ३०० जीबी हाताशी असते तर सल्ला वेगळा असता.

इन्स्टॉलर सुरू करा. ‘इन्स्टॉलेशन टाइप’च्या पडद्यावर ‘इरेझ डिस्क’ असा पर्याय असेल. तो पूर्ण डिस्क पुसतो, विंडोजसकट. ‘अलाँगसाइड विंडोज’ हा पर्याय सोयीचा असतो, पण तो कोणती जागा घेणार हे पुरेसे स्पष्ट दिसत नाही. तुम्ही ‘समथिंग एल्स’ निवडा. यादीत ‘फ्री स्पेस’ ही १२० जीबीची ओळ शोधा. काही ठिकाणी १ एमबीच्या फ्री स्पेसच्या ओळीही दिसतात, त्या सोडून द्या. ओळ निवडून अधिकचे चिन्ह दाबा, आकार आहे तसा ठेवा, प्रकार एक्स्ट४ (लिनक्सची नेहमीची फाइल पद्धत) आणि माउंट पॉइंट (पार्टिशन जोडायची जागा) एक तिरकी रेघ, म्हणजे रूट. नंतर ईएफआयच्या ओळीकडे पाहा. तिचा प्रकार ‘ईएफआय’ असला पाहिजे आणि तिच्या ‘फॉरमॅट’च्या चौकोनात खूण नसली पाहिजे. विंडोजचा बूट लोडर त्याच पार्टिशनमध्ये आहे. ते फॉरमॅट झाले तर सी ड्राइव्ह शाबूत राहूनही विंडोज सुरू होणार नाही. मिंटचा बूट लोडर त्याच्या शेजारी वेगळ्या फोल्डरात बसतो, त्याला काही एमबी पुरतात. लिनक्सचे काही प्रकार मात्र पूर्ण कर्नलच, म्हणजे सिस्टमचा गाभा, ईएफआय पार्टिशनमध्ये ठेवतात. तिथे १०० एमबी अपुरे पडतात, म्हणून सुरुवातीला त्यांच्या वाटेला जाऊ नये.

‘इन्स्टॉल नाऊ’ दाबल्यावर एक छोटी खिडकी येते: ‘हे बदल डिस्कवर लिहू का?’ तोवर डिस्कवर काहीच लिहिलेले नसते. ही खिडकी शांतपणे वाचा. फॉरमॅट होणाऱ्या पार्टिशनांत एकच नाव हवे आणि त्याच्यापुढे एक्स्ट४ हवे. एनटीएफएस, ईएफआय किंवा ओळखीच्या नसलेल्या क्रमांकाचे काही दिसले तर ‘गो बॅक’ दाबून मागे या. शंका असेल तर इन्स्टॉलर सरळ बंद करा, नुकसान शून्य.

काम संपून रिस्टार्ट झाल्यावर काळ्या पडद्यावर ग्रबचा, म्हणजे मिंटच्या बूट लोडरचा, मेन्यू येईल, त्यात मिंट आणि ‘विंडोज बूट मॅनेजर’ दोन्ही असतील. आधी विंडोज उघडून पाहा, मग मिंट. मेन्यू न येता थेट विंडोज उघडले तर इन्स्टॉलेशन फसले असे समजू नका. बायोसच्या बूट क्रमात विंडोज वर राहिले आहे, तिथे उबुंटू किंवा मिंट या नावाची नोंद वर आणा. (मिंट उबुंटूवर आधारित आहे, म्हणून नोंदीत अनेकदा उबुंटूचेच नाव दिसते.) विंडोजच्या एखाद्या मोठ्या अपडेटनंतरही हा क्रम बदलू शकतो, उपाय तोच. याउलट मेन्यूत विंडोजच दिसत नसेल तर कारण ओएस-प्रोबर. ग्रबच्या २०२१ मधल्या २.०६ आवृत्तीपासून दुसऱ्या सिस्टम शोधण्याचे हे साधन मुळात बंद असते. ग्रबच्या सेटिंग फाइलमध्ये ते चालू करून ‘अपडेट-ग्रब’ ही आज्ञा दिली की ओळ येते. तोवर लॅपटॉपच्या बूट मेन्यूतून विंडोज उघडताच येते.

घड्याळ चुकेल, तेही कळून असा. लिनक्स मदरबोर्डच्या घड्याळात जागतिक वेळ ठेवतो आणि विंडोज तिलाच स्थानिक वेळ समजते, त्यामुळे एकातून दुसऱ्यात गेलात की काही तासांचा फरक दिसतो. लिनक्समध्ये ‘टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी १’ ही आज्ञा एकदा दिली की दोन्ही जुळतात. हीसुद्धा रोमन लिपीतच टाइप करायची.

प्रोजेक्टच्या फाइल मिंटमधून दिसतील आणि वाचता येतील. सी ड्राइव्ह पुन्हा एनक्रिप्ट केलात तर तो उघडताना मिंट रिकव्हरी की मागेल. पण चालू कामाची प्रत मिंटच्या होममध्ये घ्या आणि सी ड्राइव्हमध्ये लिनक्समधून लिहिणे टाळा. एनटीएफएसवर लिनक्सच्या परवानग्या नीट टिकत नाहीत, त्यामुळे कोडची प्रोजेक्ट तिथून चालवताना विचित्र चुका येतात. ‘अनक्लीन फाइल सिस्टम’ अशी तक्रार करून मिंटने सी ड्राइव्ह उघडायला नकार दिला, तर जबरदस्तीने उघडण्याचे उपाय शोधू नका. विंडोजमध्ये जा, फास्ट स्टार्टअप परत चालू झाले आहे का पाहा, एकदा रिस्टार्ट करा आणि त्या रिस्टार्टमध्येच मिंट निवडा. उलट दिशेने, विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये ते १२० जीबीचे पार्टिशन बिननावाचे दिसेल. ते रिकामे समजून पुसू नका.

आणि कधी लिनक्स काढायचे ठरलेच, तर क्रम उलटा करू नका. आधी बायोसमध्ये ‘विंडोज बूट मॅनेजर’ पहिल्या क्रमांकावर आणा आणि लॅपटॉप थेट विंडोजमध्ये उघडतो याची खात्री करा. मगच डिस्क मॅनेजमेंटमधून लिनक्सचे पार्टिशन डिलीट करा. आधी पार्टिशन पुसले तर ग्रबला आपला मेन्यू सापडत नाही आणि विंडोज धडधाकट असूनही समोर नुसता आज्ञेचा काळा पडदा येतो. मोकळी झालेली जागा सी ड्राइव्हला लागूनच असेल, ‘एक्स्टेंड व्हॉल्यूम’ने ती परत जोडता येईल.